नांदूर मध्यमेश्वर अभयारण्य: अधिवास, पाणी आणि प्रवेशाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नांदूर मध्यमेश्वर म्हणजे नक्की काय? धरण, तलाव की जंगल?

नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यात कादवा नदी गोदावरीला मिळते. या संगमाजवळ ब्रिटिश काळात दगडी बंधारा बांधला गेला. वरून येणारं पाणी अडवून गोदावरीच्या डाव्या-उजव्या कालव्यांत वळवायचं, एवढाच त्याचा हेतू. बंधाऱ्यामागे पाणी पसरलं आणि त्याच्यासोबत येणारा गाळ शंभराहून जास्त वर्षं तळाशी बसत राहिला. जलाशयाचा मोठा भाग उथळ झाला, मधे बेटं वर आली, काठाला दलदल आणि पाणकणसाची दाटी झाली. पाटबंधाऱ्याच्या हिशेबात हा तोटाच, साठवण घटली. पक्ष्यांना मात्र याच गाळाने बोलावून आणलं.

१९८६ साली इथे अभयारण्य जाहीर झालं. अधिसूचित क्षेत्र १००.१२ चौरस किलोमीटर आहे, पण त्यात गावं आणि शेतंही येतात. आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत १,४३७ हेक्टर, म्हणजे साडेचौदा चौरस किलोमीटरच्या आसपासचा भाग आहे. जानेवारी २०२० मध्ये ही घोषणा झाली तेव्हा त्या यादीतली महाराष्ट्रातली ही पहिली जागा ठरली. लोणार सरोवर आणि ठाणे खाडी नंतर आले.

जंगल सफारीची कल्पना डोक्यात घेऊन येऊ नका. इथे पायी फिरायचं, मनोऱ्यावर थांबायचं आणि पाण्याकडे बघत राहायचं.

कोणता पक्षी कुठे बघायचा? सगळं पाणी तर एकसारखंच दिसतं.

दिसतं एकसारखं, पण खोली वीतभर बदलली की पाहुणे बदलतात.

काठावरच्या ओल्या चिखलापासून सुरुवात करा. दोन-चार बोटं पाणी असलेल्या पट्ट्यात टिलवे, तुतवार, चिखल्या आणि धोबी टिपत असतात. त्यांचे पाय आखूड असल्याने ते याहून आत शिरत नाहीत. थोडं पुढे, घोट्याएवढ्या पाण्यात शेकाट्या दिसेल. त्याचे लांब गुलाबी पाय त्याच खोलीसाठी आहेत. तिथेच चमचा पक्षी आपली चपटी चोच अर्धवट उघडून पाण्यात डावी-उजवीकडे फिरवत चालतो. चोचीला काही लागलं की ती मिटते. तो डोळ्यांपेक्षा स्पर्शावर जास्त विसंबतो, म्हणून गढूळ पाण्यातही त्याचं पोट भरतं.

गुडघ्याच्या आतल्या पाण्यात बदकं असतात. चक्रांग, भुवई बदक, थापट्या, तलवार बदक ही मंडळी बुडी मारत नाहीत. शेपूट वर करून, डोकं खाली घालून तळ चाचपतात. मान जितकी लांब तितकी खोली हाती लागते, त्यामुळे तलवार बदक जिथे पोचतं तिथे चक्रांग पोचत नाही. थापट्याला संधी मिळाली तर दुर्बिणीतून निरखून बघा. तो पाण्याच्या पृष्ठभागावर चोच टेकवून पुढे सरकत राहतो. चोचीच्या कडेला कंगव्यासारखे बारीक दात असतात. पाणी बाहेर पडतं आणि किडे-बिया आत अडकतात. कधी चार-पाच थापटे गोलाकार फिरत एकमेकांनी ढवळलेलं पाणी गाळून घेताना दिसतात.

पुरुषभर किंवा त्याहून खोल पाणी हे बुडी मारणाऱ्यांचं: लालसरी, पाणकावळे, पाणडुबी. नुसतं निळं पाणी बघून 'इथे काही नाही' म्हणत पुढे निघालात तर चुकाल, कारण अर्धा थवा त्या क्षणी पाण्याखाली असू शकतो. मिनिटभर थांबा.

पाणकणीस आणि लव्हाळ्याच्या दाटीत जांभळी पाणकोंबडी, वंचक आणि लहान गाणारे पक्षी असतात. ते आधी ऐकू येतात, मग दिसतात. तरंगत्या पानांवर कमळपक्षी चालतो. त्याची बोटं इतकी लांब असतात की वजन विभागलं जातं आणि पान बुडत नाही. या वनस्पतींवरून भोवत्या हा शिकारी पक्षी अगदी कमी उंचीवरून उडत जातो. समोरच्या पाण्यावरून शेकडो वारकरी (काळे पाणपक्षी) एकदम एका बाजूला पळाले, तर आकाशात भोवत्या शोधा.

काठावरची बाभळीची आणि इतर मोठी झाडं म्हणजे बगळे, शराटी आणि करकोचे यांच्या रात्रीच्या मुक्कामाची जागा. शेतं हाही इथला अधिवासच आहे, आणि येणाऱ्यांच्या नजरेतून नेमका तोच सुटतो. क्रौंच आणि करकरा दिवसा शेतात दाणे वेचतात, रात्री उथळ पाण्यात उभे राहतात, कारण पाण्यातून कोल्हा आला तर आवाज होतो. गवताळ माळावर चंडोल आणि धाविक मिळतात. येता-जाता रस्त्याकडेच्या हरभऱ्यावर नजर ठेवा.

मागच्या वर्षी इथे हजारो पक्षी होते, यंदा त्याच तारखेला काहीच नव्हतं. असं का?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. इथे तारीख दुय्यम आहे, पाण्याची पातळी मुख्य.

हा नैसर्गिक तलाव नाही. वर गोदावरीवर गंगापूर, दारणेवर दारणा आणि कादवेवर पालखेड ही धरणं आहेत. सिंचनाचं आवर्तन, म्हणजे शेतीला पाणी सोडण्याची पाळी, सुरू झालं की वरच्या धरणांतून पाणी सुटतं, ते नांदूर मध्यमेश्वरला येतं आणि इथून कालव्यांत जातं. तुटीच्या वर्षी खालच्या जायकवाडी धरणासाठी वरून पाणी सोडलं जातं, तेही याच बंधाऱ्यावरून पुढे जातं. २०१८ आणि २०२३ मध्ये ऐन नोव्हेंबरात तसं झालं होतं.

पातळी हातभर चढली की उथळ चिखलाचे पट्टे बुडतात. टिलवे-तुतवार उठून दुसरीकडे जातात, बदकं काठाकडे सरकतात किंवा आजूबाजूच्या तळ्यांवर विखुरतात. पक्षी आलेच नाहीत असा अर्थ काढू नका, त्यांच्या ताटातलं अन्न पाण्याखाली गेलेलं असतं. पाणी उतरू लागलं की उलटं घडतं. नुकताच उघडा पडलेला गाळ ओला, मऊ आणि अळ्या-किड्यांनी भरलेला असतो. पहिल्या काही दिवसांत त्यावर झुंबड उडते. पुढे ऊन लागून त्याला भेगा पडल्या की चोच आत शिरत नाही आणि पक्षी ओल्या कडेबरोबर पुढे सरकतात.

म्हणून निघण्याआधी तीन गोष्टी बघा. आवर्तन सुरू आहे का, हे स्थानिक वर्तमानपत्रात येतं. विसर्गाच्या बातमीत 'नांदूर मध्यमेश्वर बंधाऱ्यातून' असा क्युसेकचा आकडा आहे का, तेही पाहा. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. तिसरं, स्थानिक मार्गदर्शकाला फोन करून 'पाणी चढतंय की उतरतंय' एवढंच विचारा. 'पक्षी आहेत का' या प्रश्नाला सगळे हो म्हणतात, पाण्याबद्दल मात्र खरं उत्तर मिळतं. पोचल्यावर दगडांवरची आणि झाडांच्या बुंध्यांवरची ओली रेघ बघितली तरी पातळी कुठून कुठे आली ते कळतं.

कोणते महिने चांगले?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. स्थलांतरित बदकं, पट्टकादंब, चक्रवाक याच काळात असतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये काठावरचे छोटे पक्षी उतरायला लागतात, पण पाणी बहुधा भरलेलं असतं. मार्चमध्ये थवे उत्तरेकडे जायच्या तयारीत असतात, खादाडी वाढलेली असते आणि नरांना विणीचा पिसारा चढलेला असतो. ओळखायला तोच महिना सोपा. एप्रिल-मेमध्ये संख्या कमी, उष्मा जास्त. मात्र नदी सुरयासारखे पक्षी तेव्हा उघड्या वाळूवर किंवा खड्यांवर थेट जमिनीवर अंडी घालतात, ती खड्यांच्याच रंगाची असतात. उन्हाळ्यात अशा पट्ट्यांवर पायच ठेवू नका.

दिवसातली कोणती वेळ?

उजाडण्याआधी पोचा. पहिले दोन तास आणि शेवटचे दोन तास खरे. निफाड परिसरात थंडी चांगली पडते. राज्यातलं नीचांकी तापमान अनेकदा इथेच नोंदवलं जातं, कधी ५ अंशांच्याही खाली. अशा सकाळी पाण्यावर धुकं बसतं आणि साडेआठपर्यंत पलीकडचा काठ दिसत नाही. वैतागून परत फिरू नका. धुकं विरळ होताना पक्षी जवळच असल्याचं लक्षात येतं.

दहानंतर वेगळीच अडचण येते. तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते आणि दूरचा पक्षी दुर्बिणीत वितळल्यासारखा दिसतो. लेन्स खराब नाही, महागडी लेन्सही तिथे काही करू शकत नाही. त्या वेळी दूरचं पाणी सोडा आणि जवळच्या झाडांकडे, लव्हाळ्याकडे वळा.

पोचायचं कसं?

रेल्वेने येत असाल तर निफाड स्थानक सर्वांत जवळ, तिथून सुमारे १२ किलोमीटर. मात्र जास्त गाड्या नाशिक रोडला थांबतात. नाशिक शहरातून वाटेनुसार ५० ते ६० किलोमीटर होतात. पहाटे पोचायचं असेल तर स्वतःचं किंवा ठरवलेलं वाहनच हवं. चापडगाव आणि खानगाव थडी ही दोन ठिकाणं पाहुण्यांच्या सोयीची, दोन्हीकडे निरीक्षण मनोरे आहेत. 'थडी' म्हणजे नदीचा काठ, तेव्हा नावातच पत्ता आहे. दोन्ही ठिकाणं एकाच दिवशी करता येतात, पण सकाळ एका ठिकाणी नीट घालवलेली बरी.

उसाच्या हंगामात या रस्त्यांवर भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या असतात आणि अनेकांना मागचा दिवा नसतो. अंधारात हळू चालवा.

आत जायला परवानगी लागते का? कुठपर्यंत जाता येतं?

लागते. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम २७ प्रमाणे अभयारण्यात परवानगीशिवाय प्रवेश नाही. कलम २८ मध्ये परवानगी कशासाठी देता येते ते दिलं आहे: अभ्यास, छायाचित्रण, संशोधन, पर्यटन आणि आत राहणाऱ्यांशी कायदेशीर व्यवहार. सामान्य पाहुण्यासाठी प्रवेशद्वारावर शुल्क भरून पावती घेणं हीच परवानगी. पावती दिवसभर जवळ ठेवा.

ठरलेल्या पायवाटा, बांध आणि मनोरे यांपुरतंच फिरायचं. पाण्यात उतरणं, बेटांकडे जाणं, काठावर चूल पेटवणं यातलं काही चालत नाही. आग लावण्यावर कलम ३० ची, शस्त्र आणण्यावर कलम ३१ ची आणि रसायनं वा स्फोटकं वापरण्यावर कलम ३२ ची बंदी आहे.

मग गावकरी आत कसे? त्यांची जनावरं, मोटारसायकली दिसतात.

कारण त्यांची जमीन आत आहे. अभयारण्याच्या हद्दीत ज्याचा स्थावर मालमत्तेवर हक्क आहे त्याला आणि त्याच्यावर अवलंबून असणाऱ्यांना कलम २७ मध्येच मुभा आहे. सार्वजनिक रस्त्यावरून जाणाऱ्यालाही आहे. शेतकरी आपल्या बांधावरून जातो म्हणून तुम्हीही जाऊ शकता, असं मात्र नाही. तो बांध खासगी आहे. गहू-हरभऱ्यातून वाट काढणारे छायाचित्रकार हे इथल्या कुरबुरींचं मोठं कारण आहे. बदकांच्या थव्याने पीक खाल्लं तरी सोसणारा शेतकरी पाहुण्याच्या पायाखाली तुडवलेलं पीक का सोसेल? विचारून जा. बहुतेक वेळा 'या की' असंच उत्तर येतं.

पक्ष्यांच्या किती जवळ जायचं?

मीटरमध्ये ठरवण्यापेक्षा पक्ष्यांकडे बघून ठरवा. खाणारं बदक खायचं थांबलं आणि मान ताठ झाली, तर तुम्ही मर्यादेवर आहात. थवा तुमच्याकडे पाठ करून पोहायला लागला, तर मर्यादा ओलांडली आहे. त्यापुढचं पाऊल म्हणजे उड्डाण. एक माणूस उठवतो तो थवा शे-दोनशेंचा असतो, आणि हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याला परतीसाठी साठवायची चरबी अशा उड्डाणांत खर्च होते.

सरळ त्यांच्या दिशेने चालू नका, तिरकं चला. आकाशाच्या पार्श्वभूमीवर बांधावर उभं राहू नका, खाली बसा. मातकट किंवा हिरवे कपडे घाला. पांढरा शर्ट मैलावरून दिसतो. आवाजाची फीत वाजवून पक्षी बोलावू नका.

दुर्बीण कोणती? कॅमेरा किती मोठा हवा?

८ बाय ४२ ची (आठ पट जवळ आणणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) दुर्बीण पाण्यावर सर्वांत सोयीची. १० पट जवळ आणते ती चांगलीच, पण हात थरथरला तर तिचा उपयोग घटतो. मनोऱ्यावरून २० ते ६० पटींची दूरदर्शी आणि भक्कम तिपाई असेल तर बदकं नीट ओळखता येतात. कॅमेऱ्याला ४०० मिलिमीटरपेक्षा कमी लेन्स असेल तर उडणारे थवे आणि एकूण देखावा टिपा, एकेका पक्ष्यामागे धावू नका. सूर्य पाठीशी ठेवा. सकाळी एका मनोऱ्यावर प्रकाश समोरून येत असेल तर संध्याकाळी तिथेच या.

ड्रोन?

परवानगीशिवाय नाही. वरून सरकणारी काळी आकृती बदकांना शिकारी पक्ष्यासारखी वाटते. एका फेरीत सगळा जलाशय रिकामा होतो.

जलपर्णी एकदाच काढून का टाकत नाहीत?

प्रश्न रास्त आहे आणि गावागावांत विचारला जातो. जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतली. शहरांतून येणाऱ्या सांडपाण्यातलं नत्र आणि स्फुरद हे तिचं खत. अनुकूल हवामानात दोन आठवड्यांत तिचा पसारा दुप्पट होऊ शकतो. रोप उपटताना तुटलेला धावता फुटवा पाण्यात राहिला की तो पुन्हा वाढतो, आणि गाळात पडलेलं बी अनेक वर्षं जिवंत राहतं. शिवाय वरच्या पात्रातून पुरासोबत नवे गालिचे येतात. इथून कितीही काढली तरी वरचं सांडपाणी थांबेपर्यंत काम संपत नाही.

काढण्यातही चुका होतात. काढलेला ढीग काठालाच ठेवला तर पहिल्या पावसात तो परत पाण्यात जातो. पूररेषेच्या वर नेऊन वाळवावा लागतो. हिवाळ्यात यंत्रं उतरवली तर पक्षी उठतात. तिच्या कडेला कमळपक्षी आणि पाणकोंबड्या राहतात हे खरं, पण सलग गालिचा झाला की खाली उजेड पोचत नाही, पाण्यातली मूळची शेवाळं मरतात, प्राणवायू घटतो आणि मासे गुदमरतात. ही शेवाळंच अनेक बदकांचं अन्न. जलपर्णी खाणारे निओकेटिना भुंगेरे भारतात १९८० च्या दशकात आणले गेले. ते काम करतात, पण वर्षानुवर्षं घेतात.

पावसाळ्यात पूर बघायला यावं का?

नाही. गोदावरी, दारणा आणि कादवा एकाच वेळी भरून आल्या की बंधाऱ्यामागे फुगवटा चढतो आणि वरच्या अंगाला चांदोरी, सायखेडा या गावांत पाणी शिरतं. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये तिथे बाजारपेठा पाण्यात होत्या. अशा वेळी रस्ते आणि यंत्रणा गावकऱ्यांसाठी मोकळ्या हव्यात. पूर ओसरल्यावरही लगेच वाटा धरू नका. नव्या गाळावर दोन दिवसांत सुकी पापडी धरते आणि खाली मात्र लोण्यासारखा चिखल असतो. वर कोरडं दिसलं म्हणून पाऊल टाकलं की माणूस गुडघ्यापर्यंत, कधी मांडीपर्यंत रुततो. असं झालंच तर एकाच पायावर जोर देऊन दुसरा उपसू नका, त्याने आणखी खाली जाल. मागे रेला, अंगाचं वजन पसरवा, पाय हळूहळू हलवत मोकळे करा आणि आल्या वाटेनेच सरपटत मागे या.

बिबट्या आहे का? साप?

दोन्ही आहेत. निफाडच्या उसात बिबटे राहतात, वाढतात. दिवसा मनोऱ्यावर भीतीचं कारण नाही. अंधार पडल्यावर उसाच्या कडेने एकट्याने चालू नका, लहान मुलांना पुढे-मागे सोडू नका, आणि उसाजवळ वाकून किंवा बसून राहू नका. बसलेला माणूस बिबट्याला लहान जनावरासारखा वाटतो. बांधावर घोणस आणि नाग असतात, तेव्हा घोट्यापर्यंतचे बूट घाला. दंश झालाच तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं यात वेळ घालवू नका. तो अवयव हलू न देता थेट सरकारी रुग्णालय गाठा.

जखमी किंवा मेलेला पक्षी दिसला तर?

मेलेल्याला हात लावू नका, विशेषतः एकापेक्षा जास्त असतील तर. रोगाची किंवा विषबाधेची शक्यता असते. जागा, वेळ, संख्या लिहा, दुरून फोटो काढा आणि वनकर्मचाऱ्यांना सांगा. वनविभागाचा मदत क्रमांक १९२६. जखमी पक्षी नायलॉनच्या जाळ्यात किंवा मांजात अडकला असेल तर ओढू नका, पंखाचं हाड मोडतं. त्याच्या डोक्यावर हलकं कापड टाका, अंधार झाला की तो शांत होतो. मग माहितगार येईपर्यंत थांबा. त्याला पाणी किंवा दाणे भरवू नका.